वैमानिकाची माघार

विमान आकाशात चढताना पाहून सर्वांनाच मोठे कौतुक वाटते. परंतु वैमानिकाच्या कौशल्याची खरी कसोटी लागते ती विमान खाली उतरविताना. साठ-पासष्ट टन वजनाचे प्रवासी विमान ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने येत असते, आणि त्याला जेमतेम ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीवर, ठरलेल्या जागी, अलगद टेकवायचे असते. हे काम जगभर प्रतिदिनी हजारो वेळा इतक्या बिनबोभाट पार पडते, की त्यातील अवघडपणा प्रवाशांच्या ध्यानातही येत नाही.

क्वचित प्रसंगी मात्र निराळाच प्रकार घडतो. चाके बाहेर आलेली असतात, धावपट्टीचे दिवे स्पष्ट दिसत असतात, जमीन अगदी जवळ आलेली असते. आणि एकाएकी इंजिने गर्जना करू लागतात, विमानाचे नाक वर होते आणि धावपट्टी खाली सोडून ते पुन्हा आकाशाकडे झेपावते. प्रवाशांच्या काळजात धस्स होते. काय झाले असेल? वैमानिक चुकला तर नाही? विमान बिघडले तर नाही?

बहुधा यांपैकी काहीही झालेले नसते. उतरण्याचा प्रयत्न अर्ध्यावर सोडून पुन्हा वर जाण्याच्या या कृतीला वैमानिकांच्या भाषेत ‘गो-अराउंड’ असे म्हणतात. वर जाऊन, विमानतळाभोवती फेरी घालून, नव्याने उतरण्यास यावयाचे, असा त्याचा अर्थ. ही वैमानिकाची माघार आहे खरी. पण ती आधी शिकलेली, पुष्कळदा घोटलेली आणि विचारपूर्वक घेतलेली माघार असते. तिच्यामागील शास्त्र आणि शिस्त समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम विमान उतरते कसे, ते पाहू. धावपट्टीकडे येणारे विमान एका अदृश्य उताराच्या वाटेवरून खाली येते. हा उतार सामान्यतः ३ अंशांचा असतो. या वाटेवर विमान धावपट्टीच्या टेकण्याच्या जागेपासून एक किलोमीटर दूर असेल, तर त्याची उंची सुमारे ५२ मीटर असावयास हवी. उंचीप्रमाणे वेगही ठरलेला असतो. तो फार कमी झाला तर पंखांना हवेचा पुरेसा आधार मिळत नाही. फार वाढला तर विमान धावपट्टीवर वेळेत थांबत नाही. धावत्या वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग शेकडा १० ने वाढला, तर ब्रेकांना शेकडा २१ इतकी अधिक ऊर्जा शोषून घ्यावी लागते. ओल्या धावपट्टीवर हा फरक प्राणांवर बेतू शकतो.

यासाठी विमानकंपन्यांनी वाटेत जणू तपासणीचे नाकेच उभारले आहेत. ढगांतून उतरावयाचे असेल, तर जमिनीपासून १,००० फूट उंचीवर आणि आकाश निरभ्र असेल, तर बहुधा ५०० फूट उंचीवर वैमानिकाने स्वतःला काही प्रश्न विचारावयाचे असतात. विमान योग्य वाटेवर आहे काय? वेग योग्य आहे काय? खाली येण्याची गती प्रमाणाबाहेर तर नाही? चाके आणि पंखांचे फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत आहेत काय? या सर्वांचे उत्तर समाधानकारक असेल तरच पुढे जावयाचे. एकही उत्तर प्रतिकूल आले, तर गो-अराउंड करावयाचे, असा नियम आहे. या नाक्यानंतरही कारण उद्भवू शकते. आधी उतरलेले विमान अजून धावपट्टीवरच रेंगाळत असेल, एखादे जनावर पट्टीवर आले असेल, वाऱ्याचा आडवा झोत विमानाला बाजूला रेटत असेल, मुसळधार पावसात पट्टी दिसेनाशी झाली असेल, किंवा चाके टेकताच विमान चेंडूसारखे उसळले असेल, तरीही वर जाणेच इष्ट ठरते.

नियम इतका स्पष्ट असल्यावर तो पाळणे सोपे असावयास हवे. अनुभव मात्र तसा नाही. विमानसुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या ‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेला असे आढळून आले, की नियमात न बसणाऱ्या शंभर अवतरणांपैकी जेमतेम तीन वेळा वैमानिक वर जातात. बाकीचे तसेच पुढे रेटतात. त्यांतील बहुतेक सुखरूप उतरतातही; आणि म्हणूनच ही सवय अधिक घातक ठरते. एकदा निभावले म्हणजे पुढच्या वेळीही निभावेल, असे मन सांगू लागते. शिवाय प्रवास संपत आलेला असतो, शरीर थकलेले असते, धावपट्टी डोळ्यांसमोर असते. हातातोंडाशी आलेला घास सोडून देणे कोणालाच आवडत नाही.

हा मोह किती महाग पडतो, याचे दारुण उदाहरण आपल्याच देशात घडले. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून निघालेले एक प्रवासी विमान कर्नाटकातील मंगळूर येथे उतरत होते. तेथील धावपट्टी डोंगर सपाट करून बांधलेली आहे आणि तिच्या टोकाशी खोल दरी आहे. विमान धावपट्टीजवळ येताना त्याची उंची असावयास हवी होती त्याहून जवळजवळ दुप्पट होती. ती कमी करण्यासाठी विमान वेगाने खाली आणण्यात आले. यंत्रे धोक्याच्या सूचना देत होती. सहवैमानिकाने गो-अराउंड करण्यास तीनदा सांगितले. तरीही मुख्य वैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही. सुमारे २,४५० मीटर लांबीच्या धावपट्टीपैकी सुमारे १,६०० मीटर मागे पडल्यावर विमान जमिनीला टेकले. वेग कमी करण्यासाठी इंजिनांचा झोत उलट दिशेने वळविण्यात आला, आणि मग काही क्षणांतच पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न झाला. परंतु वेळ निघून गेली होती. विमान टोकापलीकडे जाऊन दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मरण पावले.

या प्रसंगातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गो-अराउंडचा निर्णय शेवटी झालाच. पण तो करण्याची संधी संपल्यावर झाला.

सिंहगडाच्या लढाईची कथा महाराष्ट्रातील मुलामुलींना ठाऊक आहे. तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले, असे सांगतात. परतीची वाट उरली नाही. मावळे त्वेषाने लढले आणि गड हाती आला. रणांगणावर ते योग्यच होते. वैमानिकाचा धर्म मात्र याच्या नेमका उलट आहे. त्याने आपला दोर शेवटपर्यंत शाबूत ठेवावयाचा असतो. एवढेच नव्हे, तर चाके धावपट्टीला टेकल्यानंतरही काही क्षण हा दोर शाबूत असतो. इंजिनांचा झोत एकदा उलट वळविला, की मात्र दोर कापला गेला. त्यानंतर विमान थांबविणे हा एकच मार्ग उरतो. पुन्हा उडण्याचा विचारदेखील मनात आणावयाचा नसतो. दोर कोठे आहे आणि तो कोठे तुटतो, या दोन्ही गोष्टी वैमानिकाला आधीच ठाऊक असाव्या लागतात. ऐन वेळी विचार करावयास अवधी नसतो, कारण विमान प्रत्येक सेकंदाला सत्तर मीटर पुढे जात असते.

म्हणूनच ही माघार शिकविली जाते. विदर्भात गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था आहे. अशा संस्था देशात इतरत्रही आहेत. तेथे विद्यार्थी एका इंजिनाच्या लहान विमानातून आपल्या विद्येचा आरंभ करतो. गो-अराउंडचा पहिला पाठ धावपट्टीपासून दूर, भरपूर उंचीवर देता येतो. समजा, विमान ३,००० फूट उंचीवर आहे. प्रशिक्षक सांगतो, की २,५०० फुटांवर जमीन आहे असे समजावयाचे. विद्यार्थी वेग कमी करतो, फ्लॅप खाली सोडतो आणि त्या कल्पनेतल्या जमिनीवर उतरू लागतो. ती जवळ येताच प्रशिक्षकाची आज्ञा होते, “गो-अराउंड!” येथे चूक झाली तरी खाली मोकळे आकाश असते, अपाय होत नाही.

आज्ञा ऐकताच काय करावयाचे, याचा क्रम ठरलेला असतो. प्रथम इंजिनाला पूर्ण शक्ती द्यावयाची. त्याच क्षणी विमानाचे नाक एकाएकी वर उसळू पाहते. याचे कारण असे, की उतरताना मंद वेगासाठी विमानाचा तोल जुळवून ठेवलेला असतो. इंजिनाचा जोर वाढताच तो तोल बिघडतो. अशा वेळी नियंत्रणाची दांडी पुढे दाबून धरून नाक बेताने वर ठेवावे लागते. ते अधिक वर गेले, तर वेग घटतो, पंखांवरील हवेचा प्रवाह विस्कटतो आणि विमानाचा आधार सुटतो. जमिनीलगत असे झाले, तर सावरण्यास जागा उरत नाही. दुसरे म्हणजे, पुढचा पंखा जोराने फिरू लागला, की अशा विमानाचे नाक बहुधा डावीकडे वळू लागते. उजव्या पायाने पॅडल दाबून ते सरळ ठेवावयाचे असते.

त्यानंतर फ्लॅपची पाळी येते. फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या, खालच्या बाजूस वळणाऱ्या पट्ट्या. त्यांच्यामुळे मंद वेगातही विमान तरंगते. परंतु त्या हवेला अडथळाही करतात, म्हणून वर चढताना त्या मिटवाव्या लागतात. येथे नवशिक्याची गफलत होण्याचा संभव असतो. घाईने सर्व फ्लॅप एकदम मिटविले, तर पंखांची उचलण्याची शक्ती एकाएकी घटते आणि विमान वर जाण्याऐवजी खाली बसते. म्हणून ते टप्प्याटप्प्यानेच मिटवावयाचे असतात. सेसना १७२ या लहान विमानात पूर्ण सोडलेले फ्लॅप प्रथम ३० अंशांवरून २० अंशांवर आणतात. विमान निश्चितपणे वर चढू लागले आणि वेग वाढला, की मग १० अंश. आणि सुरक्षित उंची गाठल्यावर ते पूर्ण मिटवितात.

हे सर्व झाल्यावर नियंत्रण मनोऱ्याला रेडिओवरून कळवावयाचे. आधी विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी आणि मग बोलावे, हा वैमानिकांचा जुना दंडक आहे. मनोऱ्यातील अधिकाऱ्याला काही क्षण वाट पाहता येते. मंद वेगाने उडणाऱ्या विमानाला तेवढीही सवड नसते.

उंचावरचा पाठ पक्का झाला, की खऱ्या धावपट्टीवर अभ्यास सुरू होतो. कधी ५०० फुटांवरून, कधी १०० फुटांवरून, तर कधी चाके टेकण्याच्या बेतात असताना प्रशिक्षक अवचित आज्ञा देतो. विद्यार्थ्याने उतरण्याची मनोमन तयारी केलेली असतानाच त्याला ती तयारी मोडावी लागते. या अभ्यासातील सर्वांत अवघड भाग हाताचा नाही, मनाचा आहे. पुरेसा सराव झालेला वैमानिक प्रत्येक वेळी वर जाण्याच्या तयारीनेच खाली येतो; सर्व काही ठीक असेल तरच तो उतरतो.

सरावाची गरज आणखी एका कारणासाठी आहे. वर जाण्यातही धोका असतो. उभ्याने प्रवास करीत असता एस.टी. गाडी एकदम वेगाने निघाली, तर शरीर मागे रेटल्यासारखे वाटते. गो-अराउंडच्या वेळी विमानाचा वेग असाच झपाट्याने वाढतो. तोल सांभाळणारी इंद्रिये आपल्या कानांच्या आतील भागात असतात. शरीर मागे कलले आहे की नुसतेच पुढे ढकलले जात आहे, हा भेद त्यांना डोळ्यांच्या साहाय्यावाचून नीट करता येत नाही. दिवसा क्षितिज दिसत असल्याने चूक होत नाही. परंतु काळोखात किंवा ढगांत वैमानिकाला असा भास होतो, की विमानाचे नाक फारच वर गेले आहे. आणि तो नाक खाली दाबतो. २३ ऑगस्ट २००० रोजी बहरीन येथे रात्रीच्या वेळी एका विमानाने उतरणे सोडून वर जाण्यास आरंभ केला. खाली काळोखी समुद्र होता. नाक खाली दाबले गेले आणि विमान समुद्रात कोसळून १४३ जण प्राणांस मुकले. तेव्हापासून या भासाकडे अधिक लक्ष दिले जाते. आपल्या देहाची साक्ष न मानता समोरच्या उपकरणावरील कृत्रिम क्षितिजाची साक्ष मानावयाची, हे वैमानिकाच्या मनावर पुनःपुन्हा बिंबवावे लागते.

मोठ्या विमानांच्या वैमानिकांना हे शिक्षण ‘सिम्युलेटर’ नावाच्या यंत्रात मिळते. ते जमिनीवरच उभे असते; पण आत बसणाऱ्याला खऱ्या विमानाच्या कक्षेत बसल्याचा अनुभव येतो. अनुभवी वैमानिकांनाही ठराविक काळाने येथे येऊन परीक्षा द्यावी लागते. वर चढतानाच एक इंजिन बंद पडले, असा प्रसंगही तेथे उभा केला जातो. मोठ्या विमानात वैमानिक दोन असतात, आणि ‘गो-अराउंड’ हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारू शकतो. वयाने आणि हुद्द्याने लहान असलेल्या सहवैमानिकाने तो उच्चारला, तरी त्याचा मान राखला जावा, हा धडा मंगळूरच्या दुर्घटनेने अधोरेखित केला. वैमानिकाने गो-अराउंड केले म्हणून त्याला दोष द्यावयाचा नाही, असेही अनेक विमानकंपन्यांनी ठरविले आहे. शिक्षेची भीती असेल, तर मनुष्य योग्य निर्णयही टाळतो.

वेळीच घेतलेल्या निर्णयाचे फळ काय मिळते, तेही पाहण्यासारखे आहे. ७ जुलै २०१७ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास टोरांटोहून आलेले एक विमान अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे उतरत होते. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद असून तिचे दिवे मालवलेले होते. त्यामुळे वैमानिकांचा घोटाळा झाला. धावपट्टीशेजारच्या रस्त्यालाच त्यांनी धावपट्टी मानले. त्या रस्त्यावर प्रवाशांनी भरलेली चार विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. समोरचे दिवे नेहमीसारखे नाहीत, अशी शंका वैमानिकांना आली. त्यांनी मनोऱ्याला विचारले. धावपट्टी मोकळी आहे, असे उत्तर आले. तरीही शंका फिटली नाही. जमीन १०० फुटांहूनही कमी अंतरावर असताना त्यांनी इंजिनांना शक्ती दिली. वर उचलले जाण्यापूर्वी विमान ६० फुटांपर्यंत खाली आले होते, आणि उभ्या विमानावरून ते निसटून गेले. त्याच्यात १४० माणसे होती. एकालाही खरचटले नाही. वैमानिकांची चूक मोठी होती. पण शंका येताच उतरणे सोडून देण्याच्या शिकवणीने त्या चुकीचा अनर्थ होऊ दिला नाही.

ही शिकवण सर्वांत कठोर रूपात पाहावयास मिळते ती नौदलात. विमानवाहू जहाजाची धावपट्टी अत्यंत तोकडी असते. ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ या भारतीय जहाजांवर उतरणाऱ्या लढाऊ विमानाला शेपटीकडे एक आकडा असतो. जहाजावर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात तो अडकला, म्हणजे विमान सुमारे शंभर मीटरांत थांबते. अशा वेळी वैमानिक इंजिन मंद करीत असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तो चाके टेकताच इंजिनाला भरपूर शक्ती देतो! आकडा दोरात अडकलाच नाही, तर समोर समुद्र असतो; म्हणून तो जणू पुन्हा उडणारच आहे अशा तयारीने उतरतो. गोव्यात नौदलाच्या ‘हंसा’ या तळावर जहाजाच्या फलाटाची प्रतिकृती जमिनीवर बांधलेली आहे. भारतात तयार झालेले नौदलाचे तेजस विमान १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथे प्रथमच असा दोर पकडून थांबले. समुद्रात जाण्यापूर्वी अशा ठिकाणी पुष्कळ सराव करावा लागतो.

पावसाळ्यात मुंबईसारख्या विमानतळावर विमानांना कधी कधी दोनदा, तीनदा प्रयत्न करावे लागतात, किंवा दुसऱ्या गावी जावे लागते. त्यासाठी लागणारे जादा इंधन निघतानाच बरोबर घेतलेले असते. म्हणजे माघारीची तरतूद प्रवासाच्या आरंभीच झालेली असते. अशा वेळी पोहोचण्यास उशीर होतो, न्यावयास आलेले आप्त ताटकळतात, प्रवासी कुरकुरतात. परंतु ‘शिर सलामत तो पगडी पचास’ हे आपल्याकडील जुने वचन आहे. वीस मिनिटांनी का होईना, विमान नीट वाटेवरून, नेमक्या वेगाने खाली येते, चाके धावपट्टीला टेकतात, आणि प्रवासी आपापल्या पिशव्या उचलून घरची वाट धरतात.